चौथा कोपरा

आमच्या चर्चच्या पाळकबाईंचा फोन आला तेव्हा मी केसांतला गुंता सोडवत होते. मागच्या महिन्यापासून माझ्या केसांत पुन्हा गुंता व्हायला लागलाय, आणि त्याचं मला इतकं अप्रूप आहे की फोन घ्यायला मी जरा उशीरच केला.

"येत्या रविवारी साक्ष देशील ना गं? पाचच मिनिटं. तीन वर्षं झाली, आता बोलायला हवंस."

मी हो म्हणाले. त्यांना नाही म्हणणं मला आजवर जमलेलं नाही.

साक्ष म्हणजे भर उपासनेत उभं राहून, देवाने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीला सांगायचं. लहानपणापासून ऐकत आल्यामुळे तिचा साचा मला पाठ आहे. आधी अंधार, मग प्रार्थना, मग उजेड, मग सगळ्यांचं मिळून आमेन. माझ्याकडे तिन्ही गोष्टी आहेत. कागदावर बघितलं तर माझी साक्ष अगदी नमुनेदार. पण त्या रात्री वही घेऊन बसले आणि दुसऱ्याच वाक्याला अडले. 'देवाने मला वाचवलं' असं लिहिलं, आणि शेजारच्या खुर्चीतली बाई आठवली.

चोविसाव्या वर्षी मला हॉजकिन लिम्फोमा झाला, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर. डावीकडे, गळ्याच्या हाडाच्या वर, सुपारीएवढी गाठ. दुखत नव्हती, म्हणून महिनाभर मी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. रात्री चादर पिळावी इतका घाम यायचा, अंगाला खाज सुटायची, वजन उतरत होतं. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे काही ना काही कारण तयार होतं. शेवटी आईने गाठीवर बोट ठेवलं आणि ते उचललंच नाही. "उद्या डॉक्टरांकडे," एवढंच म्हणाली. मग बायोप्सी, मग कॅन्सर कुठवर पसरलाय ते बघायला पेट स्कॅन. दुसरा टप्पा. डॉक्टर म्हणाले, "कॅन्सरच व्हायचा होता तर त्यातल्या त्यात बरा वाट्याला आलाय." हे वाक्य मला पुढे अनेकांनी ऐकवलं. ते खरं आहे, आणि ते कोणीही कोणालाही ऐकवू नये.

रोगाला माणसाचं नाव असलं की त्या माणसाबद्दल वाचावंसं वाटतं. थॉमस हॉजकिन हा लंडनच्या गायज हॉस्पिटलमधला डॉक्टर. त्याने १८३२ मध्ये सात रुग्णांच्या गाठींचं वर्णन केलं, तेही बहुतांशी शवविच्छेदनावरून. उपचार म्हणून देण्यासारखं त्याच्या हातात काहीच नव्हतं. आजाराला त्याचं नाव लागलं १८६५ मध्ये, आणि तेही सॅम्युअल विल्क्स या दुसऱ्याच डॉक्टरने दिलं. पण माझं मन अडकलं वेगळ्याच गोष्टीत. हॉजकिन क्वेकर होता, म्हणजे त्या नावाच्या ख्रिस्ती पंथातला. क्वेकर लोकांच्या पारंपरिक उपासनेत उपदेश नसतो, गाणी नसतात. सगळे गप्प बसतात, आणि कोणाला आतून बोलावंसं वाटलं तरच तो बोलतो. नाहीतर तासभर शांतता, आणि मग घरी.

आमच्या घरी मात्र शांतता कधीच नव्हती. निदान झालं त्या संध्याकाळी आईने मोठ्याने प्रार्थना केली, आजीने फोनवरून केली, शेजारच्या खोलीत दादा कोणावर तरी फोनवरच ओरडत होता. माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही. लहानपणापासून झोपताना प्रार्थना करणारी मी. पण 'हे प्रभू' म्हटल्यावर पुढे काहीच यायचं नाही. राग होता म्हणावं तर तोही नव्हता. फोन लागावा आणि आपलंच तोंड बंद पडावं, तसं काहीसं.

उपचाराचं नाव एबीव्हीडी, चार औषधांची आद्याक्षरं. दर पंधरा दिवसांनी एक डोस, असे बारा. सत्तरच्या दशकात मिलानच्या जियानी बोनाडोना यांनी ही जोडणी बसवली, आणि अजूनही जगभर ती वापरतात. पहिलं औषध लालभडक. सिस्टर मोठ्या सिरिंजमधून ते हळूहळू सोडायची आणि दर थोड्या वेळाने विचारायची, "जळजळत नाही ना?" शिरेबाहेर सांडलं तर ते आजूबाजूचं मांस जाळतं. एड्रियामायसिन हे नाव त्याला इटलीजवळच्या एड्रियाटिक समुद्रावरून दिलंय. औषध निघालं इटलीच्या मातीतल्या एका जिवाणूपासून, म्हणून. समुद्राचं नाव घेऊन आलेली ही बया दुसऱ्या दिवशी लघवीसुद्धा लाल करते. पहिल्यांदा मी किंचाळलेच होते. चौथ्या औषधाची पिशवी झाकलेली असायची, कारण त्याला उजेड सोसत नाही. ते हातातून वर चढताना शीर दोरीसारखी ताठ व्हायची. आई तिथे गरम पाण्यात पिळलेला रुमाल धरून बसायची. रुमाल निवला की पुन्हा पिळायची. तोंडाने काही म्हणत नसे. हॉजकिनला आवडली असती अशी उपासना.

आणि 'व्ही' म्हणजे विनब्लास्टिन. ते सदाफुलीतून मिळतं. हो, तीच, कुंडीत, फुटपाथच्या फटीत, कुठेही उगवणारी. मूळची मादागास्करची. जमैकात तिच्या पानांचा काढा मधुमेहावर देत, म्हणून कॅनडातल्या रॉबर्ट नोबल यांच्याकडे तिकडून पानं पोचली. नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी अर्क उंदरांना दिला. साखर काही उतरली नाही. पण अर्क टोचलेले उंदीर जंतुसंसर्गाने मरायला लागले, कारण त्यांच्या पांढऱ्या पेशी घटत होत्या. शोधायला गेले एक आणि हाती लागलं दुसरंच. १९५८ मध्ये त्यांनी विनब्लास्टिन वेगळं काढलं. (म्हणून कोणी पानं चघळायला जाऊ नका. सदाफुली विषारी आहे, आणि औषध मिलिग्रॅमच्या हिशेबाने मोजून देतात.) दादाने हे मला सांगितलं तेव्हा मी आईला म्हटलं, "बघ, देवाने सदाफुली केली." दादा म्हणाला, "आणि उंदीर?" त्या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरात अजून कोणी दिलेलं नाही.

दादाचं सांगायला हवं. कॉलेजात असतानाच त्याने चर्चला येणं सोडलं. भांडून वगैरे नाही, एका रविवारी उठलाच नाही आणि पुढेही उठला नाही. माझ्या आजारपणात सगळ्या रिपोर्टांची फाइल त्याच्याकडे असायची, तारखेवार, कडेला पेन्सिलीने खुणा. दोन सायकल, म्हणजे चार डोस, झाल्यावरचा पेट स्कॅन स्वच्छ आला तेव्हा त्यानेच डॉक्टरांना विचारलं, "आता ब्लिओमायसिन बंद करता येईल ना?" ते औषध, एबीव्हीडीतलं 'बी', फुप्फुसांना इजा करू शकतं, आणि मधला स्कॅन चांगला असेल तर ते वगळता येतं हे त्याने वाचून ठेवलं होतं. डॉक्टर हसून म्हणाले, "तेच सांगणार होतो." म्हणजे तसं त्याच्या विचारण्याने काही बदललं नाही. पण बाहेर आल्यावर गाडीची चावी त्याच्या हातातून दोनदा पडली.

आणि याच दादाबद्दल एका गृहस्थांनी माझ्या आईला बाजूला घेऊन सांगितलं की घरात एक जण अविश्वासी असला की आशीर्वाद अडतो. त्यांनीच आधी सुचवलं होतं की किमो थांबवा, पूर्ण विश्वास ठेवा. आई कधी वाद घालत नाही. तेव्हा फक्त म्हणाली, "हिज्कीया राजा मरायला टेकला होता. त्याने प्रार्थना केली, देवाने पंधरा वर्षं वाढवून दिली, आणि तरी यशया संदेष्ट्याने गळवावर अंजिरांचा लेप लावायलाच सांगितलं. मी लेप लावतेय." शास्त्र, म्हणजे बायबल, माहीत असलेल्या बाईशी वाद घालू नये, हे त्या गृहस्थांना त्या दिवशी कळलं असावं.

बोलणाऱ्यांपेक्षा न बोलणारे बरे होते. बायबलातल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्रसुद्धा पहिले सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले होते. त्या मित्रांनी केलेली सगळ्यात चांगली गोष्ट तीच. आठव्या दिवसापासून तोंड उघडलं आणि सगळं बिघडवलं.

पप्पा मुळात कमी बोलणारे. पहिल्या डोसच्या संध्याकाळी ते शास्त्र घेऊन माझ्या पलंगाच्या पायथ्याशी बसले आणि म्हणाले, "रोज एक स्तोत्र वाचीन. तू ऐकलंस तर ऐक." बायबलातल्या दीडशे स्तोत्रांपैकी पहिल्यापासून सुरुवात केली. त्यांचं वाचन अगदी सपाट, बसच्या वेळापत्रकासारखं. पण रोज, न चुकता. पुढे ११९ वं आलं, १७६ वचनांचं. त्याचे बावीस तुकडे आहेत. पप्पांनी रोज तीन असे आठवडाभर पुरवले आणि उरलेला एक शेवटच्या दिवशी जोडून टाकला. १५० वं आलं ते बाराव्या डोसच्या दुसऱ्या दिवशी. हे त्यांनी हिशेब करून जुळवलं असा माझा आरोप आहे. ते कबूल करत नाहीत.

पण मला सांगायचंय ते त्याच्या खूप आधीचं. सातवा डोस होऊन तीन दिवस झाले होते. मधला स्कॅन चांगला आला होता, सगळे हलके झाले होते, आणि मी मात्र तळाला गेले होते. हे लोकांना समजत नाही. चांगला रिपोर्ट आल्यावर आपण धीर धरायचं सोडतो, आणि मग इतके दिवस अडवून ठेवलेलं सगळं अंगावर येतं. तोंडात छाले, जिभेवर लोखंडाची चव, बोटांच्या टोकांना मुंग्या. भिंतीकडे तोंड करून पडले होते. मागून पप्पांचा आवाज आला, "एकोणनव्वदावं स्तोत्र."

"पप्पा, काल सत्त्याऐंशी झालं."

ते गप्प.

"अठ्ठ्याऐंशी राहिलं."

"ते... ते उद्या वाचू."

मी कूस वळवली. पप्पांनी पुस्तकात बोट घालून ठेवलं होतं, एका पानाच्या पलीकडे. ज्या माणसाने आयुष्यात बसचं तिकीटसुद्धा चुकवलं नाही, तो स्तोत्र चुकवत होता. आणि तेही अठरा वचनांचं सोडून बावन्न वचनांचं धरत होता. म्हणजे कंटाळा नक्कीच नव्हता. "वाचा ना," मी म्हटलं.

त्यांनी वाचलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: दुःखाची स्तोत्रं पुष्कळ आहेत, पण बहुतेक सगळी शेवटाकडे कुठेतरी वळतात, 'तरीही मी तुझा धन्यवाद करीन' असं काहीतरी येतं. अठ्ठ्याऐंशीवं वळत नाही. तो माणूस रात्रंदिवस हाक मारतो, मला खड्ड्यात टाकलंस म्हणतो, माझी माणसं माझ्यापासून दूर केलीस म्हणतो, आणि अंधारातच स्तोत्र संपतं. पप्पांचा सपाट आवाज शेवटच्या ओळीला जरासा हलला. मी पुढच्या वचनाची वाट बघत राहिले.

"एवढंच आहे," ते म्हणाले.

आणि मला हसू आलं. छाले ताणले जाऊन डोळ्यांत पाणी आलं इतकं. पप्पाही हसायला लागले, का ते दोघांनाही सांगता आलं नसतं. मग चादरीवरूनच त्यांनी माझा पाय धरला आणि बराच वेळ तसेच बसून राहिले. त्या रात्री चार महिन्यांत पहिल्यांदा मला 'हे प्रभू'च्या पुढचे शब्द सापडले. ते काही सुंदर नव्हते.

शेजारच्या खुर्चीतल्या बाईबद्दल. आमचे डोस बऱ्याचदा एकाच दिवशी यायचे. तिचा आजार वेगळा होता. लाल औषध चालू असताना तोंडात बर्फाचा खडा धरायचं तिनेच मला शिकवलं. मुलाचे गृहपाठाचे फोटो ती सलाइन लावलेल्या हातानेच मोबाइलवर तपासायची आणि चुका सापडल्या की खुर्चीतूनच त्याला फोन करून रागवायची. तिच्यासाठीही तिचं अख्खं घर प्रार्थना करत होतं. आमच्याइतकीच. कदाचित जास्त. नवव्या डोसला ती खुर्ची रिकामी होती, दहाव्याला त्यावर कोणी दुसरंच बसलं होतं. मी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरने पिशवीतल्या थेंबांकडे पाहिलं.

आता सांगा, साचा भरायचा कसा? देवाने माझं ऐकलं म्हणायचं, तर त्या मुलाला काय सांगायचं? मला देव सोडायचा नाही. पण जिच्यामुळे देव माझ्यापुरता लहान होतो अशी साक्षही द्यायची नाही. शनिवारपर्यंत माझी वही कोरीच होती.

मग मार्काच्या शुभवर्तमानातला दुसरा अध्याय आठवला. कफर्णहूममध्ये घर माणसांनी गच्च भरलंय, दारातसुद्धा जागा नाही. चौघे जण एका पक्षाघाती माणसाला बाजेवर घालून आणतात, वर चढतात, छप्पर उसकटतात आणि त्याला खाली सोडतात. (त्या घराचं छप्पर मग कोणी दुरुस्त केलं याची मला लहानपणापासून काळजी आहे.) ही गोष्ट मी शंभरदा तरी ऐकली असेन. तरी तीन शब्द मला या वेळी पहिल्यांदा दिसले. 'त्यांचा विश्वास पाहून' येशू बोलला, असं तिथे आहे. त्यांचा. बाजेवरचा माणूस विश्वास ठेवत होता की छताकडे बघत नुसता घाबरत होता, याबद्दल मार्काने एक अक्षर लिहिलेलं नाही. त्याला कोणी विचारलंही नाही.

सहा महिने मी बाजेवर होते. एक कोपरा आईने धरला होता, एक पप्पांनी. एक दादाने, जो देवाला मानत नाही. पण बाज उचलताना कोणी कोणाची श्रद्धा तपासली असेल असं मला वाटत नाही, वजन पेलतंय ना एवढंच बघितलं असेल. चौथ्या कोपऱ्यावर मात्र मला एक नाव ठरवता येईना. हळूहळू सिरिंज सोडणारी सिस्टर? बर्फाचा खडा देणारी ती बाई? साखर उतरवायला निघालेले नोबल आणि बीअर? सात रुग्णांच्या गाठी बघून, काही करता येत नसताना, निदान नीट लिहून ठेवणारा हॉजकिन? मार्कानेही चौघांपैकी एकाचंही नाव दिलेलं नाही.

रविवारी मी पाचऐवजी तीन मिनिटं बोलले. बाजेचं सांगितलं, चौथ्या कोपऱ्याचं सांगितलं. 'देवाने मला वाचवलं' हे वाक्य म्हटलं नाही. 'मला उचलून आणलं' म्हटलं. मग पाळकबाईंना आधी विचारून ठेवल्याप्रमाणे पप्पा उठले आणि त्यांनी अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचलं, त्याच बसच्या वेळापत्रकाच्या आवाजात. संपल्यावर आमेन म्हणायचं की नाही हे मंडळीला कळेना. काही क्षण सगळे नुसते बसून होते. शेवटच्या बाकावर दादा होता. मला सोडायला म्हणून आला होता, गाडीतच थांबतो म्हणाला होता.

संध्याकाळी आई तिची प्रार्थनेची वही घेऊन बसली. ही वही घरात सगळ्यांना माहीत आहे. डावीकडे ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची नावं, आणि ऐकली गेली की पुढे लाल पेनाने टिक. किमोच्या सहा महिन्यांत उजव्या बाजूला माझा ताप सेल्सियसमध्ये लिहिलेला आहे, दिवसातून चारदा. ३६.८. ३७.१. ३७.४, त्याच्याखाली रेघ. ३८ झालं की वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं, रात्रीचे दोन वाजले असले तरी, असं बजावलेलं होतं. एका पानावर नुसतंच '३८.३, निघालो' आहे आणि पुढचे पाच दिवस कोरे.

मी सहज पानं उलटत होते. दादाची नोकरी, टिक. आजीचा गुडघा, टिक, मग पुढच्या वर्षी पुन्हा आजीचा गुडघा. 'शेजारच्या खुर्चीतल्या बाई' असं एका पानावर होतं. पुढे टिक नव्हती, फुलीही नव्हती; खाली नंतर वेगळ्या शाईने 'आणि त्यांचा मुलगा' असं जोडलेलं होतं. त्याच पानाच्या वर माझं नाव. त्याच्यापुढेही काही नव्हतं.

"आई, माझी टिक?"

आईने चष्म्यावरून पाहिलं. "डॉक्टर काय म्हणाले होते? पाच वर्षं."

"अगं, पण आज चर्चमध्ये सगळ्यांसमोर तू..."

"ते ते आणि हे हे," ती म्हणाली, वही माझ्या हातातून काढून घेतली, आणि माझ्या नावापासून वाचायला सुरुवात केली.